इंजिनाची तीन फाउंडेशनं

सात आठवडे आमच्या पार्किंगमध्ये एक इंजिन साखळीला लटकत होतं आणि त्या सात आठवड्यांत माझी पाठ एकदाही सरळ झाली नाही. पार्किंग म्हणजे मुकुंदवाडीतल्या आमच्या रो-हाऊसपुढची पत्र्याची शेड. एका कोपऱ्यात पाण्याचे ड्रम, दुसऱ्या कोपऱ्यात बायकोच्या कुंड्या, मधोमध लोखंडी घोडीवरून लोंबणारं इंजिन आणि त्याच्याखाली तोंड उघडं टाकून बसलेली गाडी. जाणारा-येणारा थांबून विचारायचा, "काय मग, किती दिवस अजून?" पहिल्या आठवड्यात मी हसून उत्तर द्यायचो. नंतर नुसता हात हलवायचो. शेवटी शेवटी तेवढंही त्राण राहिलं नाही.

गाडी मुलीची. ती पुण्यात एका डिझाइन ऑफिसात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नाशिककडच्या कुणा हौशी माणसानं नळ्या वेल्ड करून सांगाडा केला होता, त्यावर फायबरची बॉडी चढवून दोन सीटची बुटकी स्पोर्ट्स कार घरीच बनवायला घेतली होती, आणि अर्ध्यात हात टेकले होते. मुलीनं ती भंगारातून उचलावी तशी उचलून आणली. तिचं मूळ इंजिन कामातून गेलेलं. मग अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवला. आता हे त्या सांगाड्यात बसवायचं. इंजिनाचे कान, म्हणजे बोल्ट घालायची भोकं, एकीकडं, सांगाड्याच्या नळ्या दुसरीकडं, आणि दोघांची गाठ घालणारं लोखंड कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते हातानं घडवावं लागतं. मुलगी त्याला माऊंट म्हणते, गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. तीन लागतात. एक डावं, एक उजवं आणि एक मागं गिअरबॉक्सखाली. असल्या गाडीला रस्त्यावर काढायची सोय नाही, तिची आरटीओची कागदंच होत नाहीत. मोकळ्या जागेत, ट्रॅकवर चालवायची, असं मुलीचं म्हणणं. बायको म्हणाली, "म्हंजे जायचं कुठंच नाय, आणि राबायचं एवढं." मलाही तेच वाटत होतं, पण मी बोललो नाही.

बोललो नाही त्याला कारण होतं. गाडी आल्यापासून मुलगी दर दुसऱ्या शनिवारी घरी येऊ लागली होती. त्याआधी ती यायची दिवाळीला आणि चौदा एप्रिलला. एरवी आईला फोन. मी फोनजवळून गेलो तर पलीकडून ऐकू यायचं, "पप्पांना विचारलंय म्हणून सांग." विचारण्यापुरता बाप. आता मात्र ती शनिवारी सकाळच्या बसनं यायची, बॅग सोफ्यावर टाकायची आणि थेट शेडमध्ये. रविवारी दुपारपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली. बोलणं सगळं गाडीचं. तेरा नंबरचा पाना द्या, टॉर्च इकडं धरा, जरा वर, अजून वर. पण घरात तिचा आवाज होता, आणि मला तेवढा पुरत होता.

तिनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "पप्पा, फाउंडेशनं इथं नीट झाली तर गाडी इथंच ठेवू. नाय जमलं तर सांगा. पुण्यात मित्रांची शेड आहे, तिथं प्रेस आहे, लिफ्ट आहे. तिकडं नेते मी." गाडी गेली की शनिवारही गेला, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. त्यामुळं 'जमणार नाही' हे शब्द मी तोंडातून काढणार नव्हतो.

आणि न जमायला काय झालं होतं? अठ्ठावीस वर्षं मी टूल रूममध्ये फिक्श्चर बनवली. मशीनवर लोखंडाचा तुकडा कापताना त्याला गच्च धरून ठेवते ती पकड म्हणजे फिक्श्चर. तुकडा केसाएवढा हलला तरी माल बाद. आमचे साहेब फिक्श्चरला डायल लावायचे आणि अंगठ्यानं जोर द्यायचे. काटा जरा थरथरला की एक शब्द न बोलता निघून जायचे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. हलणारी वस्तू करतो तो नालायक कारागीर, हा एकच धडा मी त्या टूल रूममध्ये शिकलो आणि तो माझ्या हाडात गेला. ती टूल रूम चिकलठाण्याला होती, घरापासून सायकलीच्या अंतरावर. ती बंद झाली. आता मी वाळूजला कंत्राटावर आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटे साडेपाचला चौकात बस पकडायची, घरी यायला संध्याकाळचे साडेपाच. तिथं मी काही बनवत नाही. दुसऱ्या कुणी बनवलेल्या फिक्श्चरमध्ये जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. चोपन्नाव्या वर्षी दिवसभर उभा राहतो आणि घरी येऊन काँक्रीटवर आडवा होतो, गाडीखाली.

सुरुवातीचं काम चांगलं झालं. इंजिन साखळीनं एकेक बोट खाली सोडायचं, जॅकनं तोलायचं, तेलाचं भांडं जमिनीपासून किती वर राहतं ते बघायचं. मग बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून इंजिनाचा कान आणि नळी यांच्यात धरायचा. पुठ्ठा बरोबर बसला की तोच आकार सहा मिलीच्या प्लेटीतून कापायचा. पुठ्ठ्याची युक्ती मुलीची. मी पट्टी आणि गुण्या घेऊन बसलो होतो, दोन तास आकडेमोड केली, आणि हिनं चहा होईपर्यंत कात्रीनं मोकळं केलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिला म्हणालो. "तिखट तुमच्याकडूनच आलंय," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो होतो.

मग तिनं पुण्याहून ड्रॉइंग पाठवलं. प्रत्येक प्लेटीच्या टोकाला लोखंडी कडं, कड्यात पिकअप गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना असतो तो रबरी बुश, म्हणजे जाड नळकांडं, दाबून बसवलेला, आणि बोल्ट त्या रबराच्या मधून जाणारा. म्हणजे इंजिन आणि सांगाडा यांच्यात लोखंडाला लोखंड कुठंच भेटत नाही, मध्ये रबर. मी फोनवर विचारलं, "मग हे हलंल की."

"हलायलाच पाहिजे पप्पा. थोडं. इंजिन चालू असलं की थरथरतं. ती थरथर रबरानं खायची असते, नाहीतर सगळी सांगाड्यात जाते."

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. मनातून मला राग आला होता. ज्या हातानं हिला चालायला शिकवलं त्या हाताला ही आता हलायचं किती ते सांगणार.

जुन्या शहरात, गुलमंडीच्या पलीकडं, एक मिस्त्री आहेत. सत्तरीचे असतील. जन्म इंजिनं उघडण्यात गेला. बुश दाबायचा प्रेस त्यांच्याकडंच होता. त्यांना मी ड्रॉइंग दाखवलं, आणि मुलीची जरा चेष्टा करावी म्हणून हसलो. ते हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "बच्ची सही बोल री साब. इंजन कू जकड़ना नक्को, बिठाना. कड़े वेल्ड करके ठंडे हुए तो लेके आव, मैं रबर दबा देतूं." कडं गरम असताना रबर घातलं तर जळतं, म्हणून आधी वेल्डिंग पुरं करायचं आणि मग कडी घेऊन त्यांच्याकडं जायचं, एवढंच काम राहिलं होतं. बुश त्यांनी तेव्हाच काढून ठेवले.

बुधवारी कामावरून परतताना जायचं ठरवलं. तिन्ही फाउंडेशनं पिशवीत घालून सकाळी बसमध्ये बरोबर नेली, दिवसभर लॉकरमध्ये ठेवली. त्या आठवड्यात एक माणूस कमी होता, मी दोन मशीनवर उभा होतो. आदल्या दिवशी पाण्याची पाळी होती, सहा दिवसांनी पाणी आलं म्हणून पहाटे तीनला उठून ड्रम भरले होते. परतीची बस जुन्या शहराच्या फाट्याशी आली. ड्रायव्हरनं वेगही कमी केला, कारण मीच त्याला सकाळी सांगून ठेवलं होतं. मी जागा होतो. डोळे उघडे होते. फक्त पाय उठले नाहीत. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि बस पुढं काढली.

गुरुवारी मी शेडमध्ये गेलो. टूल रूम बंद झाली तेव्हा तिथला एक छोटा लेथ मी घरी आणला होता. एक गोल लोखंडी बार पडलेला होता. मुलगी शनिवारी येणार, आणि फाउंडेशनं तयार नाहीत हे मला तिला सांगायचं नव्हतं. मी तो बार लेथला लावला आणि त्याचे तीन बुश कातले. लोखंडाचे. कड्यात असे बसले की तळहातानं दाबल्यावर हवा हळूच बाहेर गेली. मी डायल लावला आणि अंगठ्यानं जोर दिला. काटा जागचा हलला नाही. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

इथपर्यंत थकवा म्हणा, अडाणीपणा म्हणा, काहीही म्हणा. पुढचं मात्र मी समजून-उमजून केलं. जुन्या ट्यूबमधून रबराच्या सहा चकत्या कापल्या आणि प्रत्येक बुशाच्या दोन्ही तोंडांवर एकेक चिकटवली. बाहेरून बघणाऱ्याला आत सगळं रबरच आहे असं वाटावं. फोटो काढून मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा, एक नंबर!" मी स्वतःला समजावलं, रबर आहेच की, दोन्ही तोंडांना का होईना. आणि घट्ट बसवलेलं इंजिन सैल बसवलेल्या इंजिनापेक्षा वाईट कसं असेल?

शनिवारी इंजिन खाली उतरवलं. तिन्ही बोल्ट बोटानं सरकून आत गेले, हातोडी लागली नाही. मुलगी प्लेटीवरून हात फिरवत राहिली. "काय फिनिश आहे पप्पा. आमच्या ऑफिसात कुणाला येत नाय असं." मी पाना पुसत बसलो.

रविवारी इंजिन चालू केलं. आधी ते खोकलं आणि मग धरलं, पण त्याच्याबरोबर अख्खी गाडी थरथरायला लागली. आरशात काही दिसेना. बोनटवर ठेवलेला चहाचा ग्लास चालत चालत कडेला आला आणि बायकोनं तो वरच्या वर झेलला. "अगं बाई, ह्याला थंडी वाजतीय का काय," ती म्हणाली. मुलगी म्हणाली, ट्यूनिंग बाकी आहे म्हणून होतंय, आणि वायरी लावून लॅपटॉप घेऊन बसली. तीन तास बसली. मला माहीत होतं ते कशानं होतंय. तिच्या कपाळावरचा घाम बघत मी तिथंच उभा होतो आणि मी बोललो नाही.

पुढच्या खेपेला गाडी चालवून बघायचं ठरलं. जालना रोडच्या बाजूला ओळखीच्या एका माणसाचं लेआऊट आहे. आतले डांबरी रस्ते झालेत, घर एकही नाही. त्यानं रविवारची सकाळ आम्हाला दिली. टेम्पोतून गाडी नेली. बायकोनं पोळ्या आणि ठेचा बांधून घेतला होता. मुलीनं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि निघाली. पहिला फेरा हळू, दुसरा जरा जोरात. बायको टाळ्या वाजवत होती. चौथ्या फेऱ्याला लांबच्या वळणावर पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि गाडी आडवी होऊन रस्त्याखाली मुरमात गेली. नंतर नुसती वाफ दिसत होती.

मी पळालो. किती वर्षांनी पळालो माहीत नाही. पोहोचलो तोवर ती स्वतःच बाहेर येऊन उभी होती, हेल्मेट हातात, चेहरा पांढरा. लागलं काही नव्हतं. इंजिन दोन बोटं खाली बसलं होतं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला होता. ती गुडघ्यावर बसून खाली बघू लागली. मीही वाकलो. उजवं फाउंडेशन चकचकीत, जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. त्याच्याभोवतीची सांगाड्याची नळी मात्र कागदासारखी फाटली होती.

"नळीच पातळ आहे," मी म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं. मला माझीच लाज वाटत होती आणि तरी तोंडातून तेच निघालं.

तिनं नखानं रबराची चकती उचकटली. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर आत घालून खरवडलं, तर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. दुसरी चकती काढली. तिसरी काढली नाही.

"यात रबर कुठंय पप्पा?"

बायको डबा घेऊन मागं येऊन उभी राहिली होती.

"फोटो पाठवला होता तुम्ही," मुलगी म्हणाली. ओरडली नाही. "मी आत बसले होते."

ती उठली आणि फोनला रेंज मिळेल तिथवर चालत गेली, टेम्पोवाल्याला बोलवायला. तिच्या पाठीकडं बघून मी म्हणालो, "माझं चुकलं." तिला ऐकू गेलं की नाही मला ठाऊक नाही. पुन्हा एकदा, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायला हवं होतं. ते माझ्यानं झालं नाही.

गाडी त्याच दिवशी, त्याच टेम्पोनं पुण्याला गेली. ती ड्रायव्हरशेजारी बसून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली आणि मला म्हणाली, "पाठ शेकून घ्या." बस, एवढंच.

शेड मोकळी झाली. बायकोनं कुंड्या पसरल्या. मी कामावरून आलो की सवयीनं शेडमध्ये जायचो आणि करायला काही नाही म्हणून परत यायचो. पाठ मात्र आता जास्त दुखत होती. मी मोबाईलवर मुलीला लिहायला बसायचो, दोन ओळी झाल्या की पुसायचो. फोन लावू लागलो की तिच्या आवाजाची भीती वाटायची. बायको चार दिवस गप्प राहिली, पाचव्या दिवशी म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाय तुमचा. लेकराला एक फोन करायला काय हात झडलेत का?" मी म्हणालो, "तिला गाडीचं काम होतं म्हणून येत होती. आता गाडीच नाय तर मी फोन करून काय बोलू?" बायको आत निघून गेली.

तिचा यायचा शनिवार आला. ती आली नाही. मी स्वतःला म्हणालो, बघ. दिवसभर मी गेटकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर गेटकडंच बघत होतो. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला, उद्या रविवारी जादा ड्युटीला कोण येतंय. गाडी होती तोवर मी प्रत्येक रविवारी नाही म्हणालो होतो. या वेळी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी येतो म्हणालो. घरी बसून मोकळ्या शेडकडं बघण्यापेक्षा मशीनपुढं उभं राहिलेलं बरं.

रविवारी बसमधून उतरलो तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. वाटेत सगळा वेळ झोपच लागली होती. बायको दारातच होती. मला आत येऊ दिलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाली, "पोरगी येऊन गेली."

"कधी?"

"सकाळी धाला आली. चारच्या बसनं गेली. तुमाला तीन फोन केले तिनं."

मोबाईल शिफ्टभर लॉकरमध्ये असतो. खिशातून काढून बघितला तर तीन फोन होतेच.

"काल का नाय आली ती?" मी विचारलं.

"काल ऑफिस होतं म्हणं तिला. आज एका दिवसासाठी आली. जेवायला थांबली तुमच्यासाठी. मी सांगितलं, ते संध्याकाळशिवाय येत न्हायत. तरी दोनपर्यंत जेवली न्हाय."

मी बूट काढत होतो, ते अर्ध्यात राहिलं. "गाडीचं काय म्हणाली?"

"तुमच्याच प्लेटा ठेवल्यात म्हणं. आतलं लोखंड काढून रबर घातलंय. आता थरथरत न्हाय."

"हां," मी म्हणालो. "म्हणजे ते सांगायला आली होती."

"न्हाय ओ," बायको म्हणाली. "ते मी इचारलं म्हणून सांगितलं. ती घरी आली होती."